करंगळी वर करणाऱ्या मुलांसाठी

प्रति,
माननीय शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य



हे पत्र मुलांच्या मानसिक आरोग्याविषयी आहे, पण त्याची सुरुवात मला शाळेच्या मुतारीपासून करावी लागणार आहे. मी अनेक वर्षं शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते आहे. मुलांच्या मनाबद्दल शाळांत आता मोकळेपणाने बोललं जातं, व्याख्यानं होतात, हेल्पलाइनचे क्रमांक भिंतीवर लावले जातात. हे व्हायलाच हवं होतं. पण राग आला की काय करावं, भीती वाटली तर कुणाला सांगावं, हे आपण मुलांना शिकवतो तेव्हा एक गोष्ट गृहीत धरतो. राग येतोय, भीती वाटतेय, हे मुलाला वेळेवर कळतं असं आपण धरून चालतो. अनेक मुलांना ते कळत नाही. कळण्याची जागा शरीरात असते, आणि शरीराकडे लक्ष देऊ नकोस हा धडा शाळा त्यांना पहिलीपासून रोज देते.

तास चालू असताना मूल करंगळी वर करतं. "आत्ताच तर मधली सुट्टी झाली, तेव्हा का नाही गेलास?" किंवा "तास संपेपर्यंत थांब." असं म्हणणाऱ्या शिक्षकांना मी दोष देत नाही. साठ मुलांच्या वर्गात एकाला सोडलं की पाच करंगळ्या वर होतात, आणि बाहेर गेलेल्या मुलाची जबाबदारी शेवटी त्यांच्यावरच असते. पण सहा वर्षांच्या मुलापर्यंत काय पोचतं ते बघा. पोटाखाली जे जाणवतंय ते खरं की बाई म्हणतात ते खरं, असा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो, आणि ते बाईंच्या बाजूने निकाल देतं. मुलींचं आणखी वेगळं. मुतारीला कडी नसते, पाणी नसतं, वास येतो, म्हणून कितीतरी मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. भरून नेलेली बाटली संध्याकाळी तशीच घरी येते. तहान लागली आहे हे त्यांना कळतं, पण त्या कळण्याकडे कानाडोळा करण्याची सवय हळूहळू पक्की होते.

अशा सवयीचा शरीरावर काय परिणाम होतो, हे बालरोगतज्ज्ञांना विचारावं. मूल शौचाची भावना वारंवार दाबतं, तेव्हा मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात मळ साठून तो भाग ताणला जातो. ताणलेल्या भागाची संवेदना बोथट होते. मग शौचाला लागल्याचं मुलाला खरोखरच जाणवेनासं होतं आणि चड्डीत डाग पडू लागतात. घरचे रागावतात, वर्गात मुलं हसतात, आणि त्या मुलाला काही केल्या समजत नाही की हे कधी झालं. उपचाराला महिनोन् महिने लागतात. त्यात औषधाइतकंच महत्त्व असतं ते रोज जेवणानंतर न रागावता, न घाई करता संडासात बसवण्याला. दाबलेला इशारा आधी क्षीण होतो आणि मग जवळजवळ नाहीसा होतो, याचं याहून उघड उदाहरण मला माहीत नाही.

भुकेचं, तहानेचं, थकव्याचं, छातीतल्या धडधडीचं, श्वासाचं, पोटातल्या गोळ्याचं भान ही एकच क्षमता आहे. शास्त्रज्ञ तिला इंटरोसेप्शन म्हणतात. मी इथे तिला आतली जाणीव म्हणते. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६च्या आपल्या ग्रंथात शरीराबाहेरून येणाऱ्या आणि शरीराच्या आतून येणाऱ्या संवेदना वेगळ्या मांडल्या, तेव्हापासून शरीरशास्त्रात हा भेद रूढ आहे. मेंदूकडून छातीपोटाकडे जाणारी व्हेगस नावाची मोठी नस आहे. तिच्यातले बहुसंख्य तंतू मेंदूचे हुकूम खाली नेत नाहीत, ते हृदय, फुप्फुसं आणि आतड्यांची खबर मेंदूकडे वर नेतात. मेंदूतल्या इन्सुला या भागाशी या खबरीचा जवळचा संबंध आहे. अमेरिकी संशोधक ए. डी. क्रेग यांनी २००२ साली हा सगळा मार्ग सविस्तर मांडला. ह्यूगो क्रिचली आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये लोकांना नाडीला हात न लावता आपले ठोके ओळखायला सांगितलं, तेव्हा ज्यांना ते अचूक ओळखता येत होते त्यांच्या उजव्या इन्सुलाचा पुढचा भाग अधिक सक्रिय दिसला. आपल्याला 'कसं वाटतंय' हे ठरवण्यात हाच भाग गुंतलेला असतो.

भावना आणि शरीर यांत आधी काय, हा वाद त्याहून जुना आहे. विल्यम जेम्स यांनी १८८४ साली मांडलं की शरीरातला बदल आधी होतो आणि त्या बदलाची जाणीव म्हणजेच भावना. पुढे १९२७ मध्ये वॉल्टर कॅनन यांनी त्यावर नेमकं बोट ठेवलं : काळीज भीतीतही धडधडतं, रागातही आणि धावल्यावरही, मग नुसत्या धडधडीवरून भावना कशी ओळखणार? शाळेच्या दृष्टीने मला दोघांचंही म्हणणं मोलाचं वाटतं. शरीराची खबर आल्याशिवाय भावना वेळेत ध्यानात येत नाही. पण नुसती खबर पुरत नाही, तिचा अर्थ आजूबाजूची परिस्थिती पाहून लावावा लागतो. हा अर्थ लावायला मूल मोठ्यांकडून शिकतं. तान्हं बाळ रडतं, आई म्हणते, "भूक लागली होय माझ्या सोन्याला?" आणि त्या अस्वस्थतेला नाव मिळतं. हीच शिकवण पुढे शाळेत चालू राहायला हवी, आणि तिथे ती तुटते.

सातवी-आठवीतला एखादा मुलगा हात उगारतो म्हणून माझ्याकडे पाठवला जातो. "का मारलंस?" असं त्याला आधीच दहा जणांनी विचारलेलं असतं. तो म्हणतो, "माहीत नाही." मोठ्यांना हा उर्मटपणा वाटतो. माझा अनुभव असा की बहुतेक वेळा तो खरं बोलत असतो. मी कारण विचारत नाही. हात उठण्याच्या आधी अंगात काय झालं, एवढंच विचारते. सुरुवातीला उत्तर येतं, "काहीच नाही." पुन्हा पुन्हा, न चिडता, शिक्षा न देता विचारत राहिलं की कधीतरी तो म्हणतो, "कान गरम होतात." दुसरा म्हणतो, दात आवळले जातात. ज्या दिवशी मुलाला हे सापडतं त्या दिवसापासून त्याच्या हाती थोडा वेळ येतो, कारण कान गरम होणं आणि हात उठणं यांत काही क्षणांचं अंतर असतं. त्या क्षणांत तो वर्गाबाहेर जाऊ शकतो, पाणी पिऊ शकतो, मला येऊन सांगू शकतो. राग आवरण्याचे जे उपाय आपण तक्त्यांवर लिहितो ते सगळे या काही क्षणांतच करायचे असतात. क्षण सापडलाच नाही तर उपाय पाठ असून काय उपयोग?

मुलींमध्ये, आणि गप्प राहणाऱ्या मुलांमध्ये, हेच वेगळ्या रूपात दिसतं. चाचणीच्या दिवशी पोट दुखतं. सोमवारी मळमळतं. डॉक्टर तपासतात, काही सापडत नाही, आणि घरी निष्कर्ष निघतो की नाटक करते आहे. ते नाटक नसतं. ताणाच्या वेळी शरीर रक्त स्नायूंकडे वळवतं, पचन मंदावतं, आतड्यांची हालचाल बदलते, आणि पोटात खरोखर दुखतं. त्या मुलीला दुखणं जाणवतं, फक्त त्याचा संबंध कशाशी आहे हे कुणी तिच्याबरोबर बसून शोधलेलं नसतं. "खोटं बोलू नकोस" म्हटल्यावर तिचा स्वतःच्या पोटावरचा विश्वासही जातो आणि मोठ्यांवरचाही.

या सगळ्याला परदेशी विद्वानांचाच आधार आहे असं नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सातवा अध्याय वेगांपासूनच सुरू होतो. जे अडवू नयेत असे शरीराचे तेरा वेग तिथे सांगितले आहेत. त्यांत मूत्र आणि मल आहेत, भूक, तहान, झोप आहे, शिंक, ढेकर, जांभई आहे, श्रमानंतरची धाप आहे. आणि त्याच यादीत, त्याच रांगेत, अश्रूही आहेत. त्याच अध्यायात पुढे जे आवरावेत असे मनाचे वेग येतात : लोभ, शोक, भय, क्रोध, मत्सर. या दोन याद्या शेजारी शेजारी आहेत हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. शोकाला आवर घालायचा आहे, पण डोळ्यांतलं पाणी अडवायचं नाही. आपल्या शाळांत बहुतेकदा याच्या उलट होतं. लघवी अडवली जाते, पाणी अडवलं जातं, "रडतोस काय मुलीसारखा" म्हणून अश्रू अडवले जातात, आणि ज्याला खरं तर आवर घालायला शिकवायचं तो क्रोध सुटा राहतो.

मंत्रिमहोदय, या तेरा वेगांपैकी काहींची दखल आपल्या खात्याने आधीच घेतली आहे, म्हणून मी हे पत्र आशेने लिहिते आहे. शालेय पोषण आहार म्हणजे भुकेची दखल. उपाशी मुलाचं मन पाढ्यांत लागणार नाही हे मान्य करूनच ती खिचडी शिजते. २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरलं, ती झोपेची दखल. त्यावर वाहतुकीच्या, दोन पाळ्यांच्या कितीतरी अडचणी सांगितल्या गेल्या, तरी मुलांची झोप हा विषय शासनाने गंभीरपणे घेतला याचा मला मनापासून आनंद झाला. केरळातल्या शाळांत २०१९ मध्ये पाण्याची घंटा सुरू झाली. ठरलेल्या वेळी घंटा वाजते आणि सगळा वर्ग पाणी पितो. ही कल्पना लगेच इतर राज्यांतही पोचली. पाण्याची घंटा चांगलीच, पण माझ्या दृष्टीने ती अर्धी पायरी आहे. घंटा वाजली म्हणून पाणी पिणारं मूल अजून घंटेचंच ऐकतं. घंटेनंतर बाईंनी एवढंच विचारावं : "घसा कोरडा वाटत होता का? आता कसा वाटतोय?" या दोन वाक्यांना एक रुपया लागत नाही.

'आनंददायी शनिवार' हा पहिली ते आठवीसाठीचा उपक्रम खात्याने २०२४ पासून आणला आहे आणि त्यात श्वसनाचे, ध्यानाचे प्रकार आहेत. त्याआधीपासून अनेक शाळांत 'मित्र उपक्रमा'तून आनापान शिकवलं जातं, म्हणजे श्वास जसा येतो-जातो तसा नुसता पाहणं. इगतपुरीसारखं विपश्यना केंद्र आणि योगाचा प्रयोगशाळेत अभ्यास करणारं, १९२४ पासूनचं लोणावळ्याचं कैवल्यधाम ज्या राज्यात आहे, तिथे या कामासाठी जाणकार माणसं बाहेरून आणायला नकोत. माझी काळजी निराळी आहे. पुष्कळ वर्गांत या वेळेचं रूप "डोळे मिटा, हाताची घडी, हलायचं नाही, आवाज नको" असं होऊन बसतं. ही शिस्त झाली. मुलाने आत काय चाललं आहे ते बघावं असा हेतू असेल, तर खाजलं तर खाजवायला, पाय अवघडला तर बदलायला आणि "मला आज काहीच जाणवलं नाही" असं सांगायला त्याला मोकळीक हवी.

लहान मुलांसाठी डोळे मिटून बसण्याआधीच्या सोप्या गोष्टी आहेत. अर्धा मिनिट जागेवर उड्या मारा, छातीवर हात ठेवा, काय होतंय ते सांगा. आता थांबा आणि ठोके कधी शांत होतात ते हातानेच बघत राहा. मूठ घट्ट आवळा, सोडा, दोन्हींत फरक काय? श्वास आत घेताना नाडी किंचित जलद होते आणि सोडताना किंचित मंद. मोठी मुलं मनगटावर बोट ठेवून हे स्वतः पकडू शकतात, आणि लांब उच्छ्वासाने शांत का वाटतं याचं उत्तर त्यांना पुस्तकाऐवजी स्वतःच्या मनगटात सापडतं. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या शिक्षण खात्याने असेच छोटे उपक्रम शाळांच्या दिनक्रमात आणले आहेत. आपल्याकडे परिपाठात पाच मिनिटं सहज निघतील. मात्र याला गुण नकोत, स्पर्धा नको, "सगळ्यात शांत बसलेला विद्यार्थी" असं बक्षीस तर मुळीच नको.

एक धोकाही इथेच सांगायला हवा, कारण चांगल्या हेतूने नुकसान होऊ शकतं. आतल्या जाणिवेकडे जितकं जास्त लक्ष तितकं चांगलं, असं नाही. सारा गारफिंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये एक उपयुक्त भेद मांडला : आपल्याला आतलं किती अचूक कळतं ही एक गोष्ट, आणि किती कळतं असं आपल्याला वाटतं ही दुसरी. चिंतेने ग्रासलेल्या माणसाचं लक्ष छातीकडे सतत असतं, पण साध्या धडधडीचा अर्थ तो संकट असाच लावतो, त्यातून धडधड वाढते आणि घाबरण्याचा झटका येतो. अशा मुलाला "छातीकडे लक्ष दे" सांगणं म्हणजे त्याला आणखी खोल ढकलणं. याच चमूने पुढे १२१ स्वमग्न प्रौढांवर एक चाचणी केली. हृदयाचे ठोके अचूक ओळखण्याचा सराव, लगेच बरोबर-चूक सांगून, त्यांतल्या एका गटाला दिला, आणि तुलनेसाठीच्या गटापेक्षा त्यांची चिंता अधिक कमी झाली. म्हणजे लक्ष वाढवण्याने काम भागलं नाही, अचूकता आणि अर्थ सुधारावा लागला. ज्या मुलांनी मारहाण किंवा अत्याचार सोसला आहे, त्यांच्यासाठी पोट, छाती, श्वास या जागा भीतीच्याही असतात. त्यांना तळपायाखालची फरशी, हातातल्या ग्लासचा गारवा इथून सुरुवात करू द्यावी आणि नको म्हणाल्यास आग्रह करू नये. शिक्षकांना हे आधी सांगितलं गेलं नाही तर उपक्रम न केलेला बरा, असं माझं स्पष्ट मत आहे.

दहावी-बारावीच्या मुलांसाठी मात्र एक गोष्ट लगेच करता येईल. परीक्षेच्या सकाळी हातपाय गार पडतात, घशाला कोरड पडते, छाती धडधडते, आणि मुलांना वाटतं आता सगळं विसरणार. जेरेमी जेमिसन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अमेरिकेत जीआरई या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काहींना सराव परीक्षेआधी एवढंच सांगितलं की ही उत्तेजना परीक्षेत मदतही करू शकते. त्या विद्यार्थ्यांना सरावात गणिताचे गुण अधिक पडले, आणि पुढे प्रत्यक्ष परीक्षेतही. मंडळाच्या हॉल तिकिटामागे सूचनांची लांबलचक यादी असते. त्यात दोन ओळी अशा असाव्यात की काळीज धडधडणं म्हणजे शरीराची तयारी चालू आहे, थोडा वेळ जाऊ द्या, लांब श्वास सोडा, पाणी प्या, हवं तर लघवीला जाऊन या. आणि परीक्षेच्या खोलीतही तसं जाऊन येऊ द्या.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. तास चालू असताना लघवीला किंवा पाणी प्यायला जायची परवानगी नाकारू नये, आणि ती मागायला मुलाला सगळ्या वर्गापुढे मोठ्याने बोलावं लागू नये, असं परिपत्रकात स्पष्ट यावं. दाराला अडकवायची एक पाटी किंवा फळ्याजवळचा एक खुंटीवरचा पास पुरतो. मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी, पाणी आणि दिवा शाळा व्यवस्थापन समितीच्या प्रत्येक बैठकीत पाहिला जावा, आणि पाहणीला मुलींनाच सोबत घ्यावं. रडणाऱ्या मुलाला वर्गासमोर गप्प केलं जाऊ नये. त्याला बसायला एक कोपरा द्यावा आणि रडू ओसरल्यावर विचारावं. आनंददायी शनिवारच्या मार्गदर्शिकेत वर सांगितलेल्या सावधगिरीचं एक पान जोडावं.

आणि प्रशिक्षण शिक्षकांपासून सुरू करावं, त्यांच्या स्वतःच्या शरीरापासून. राज्यातल्या कितीतरी शिक्षिका शाळेत सोय नाही म्हणून सकाळपासून दुपारपर्यंत लघवी रोखून धरतात, पाणी टाळतात, आवाज बसेपर्यंत बोलतात. ज्या बाईंना स्वतःचा थकवा नाकारल्याशिवाय दिवस निभत नाही, त्यांनी मुलाच्या थकव्यापुढे थांबावं अशी अपेक्षा करणं अन्याय्य आहे. केंद्रस्तरावरच्या शिक्षण परिषदेत कागदी माहिती भरण्याच्या आधी अर्धा तास या विषयाला मिळाला तर काम सुरू होईल. हा मजकूर तयार करणाऱ्या समितीत मानसोपचारतज्ज्ञ आणि अधिकारी असतीलच. त्यांच्याबरोबर पहिली-दुसरीच्या वर्गशिक्षिकांनाही बोलवावं, आणि त्यांतल्या निदान काही एकशिक्षकी शाळांतल्या असाव्यात. वर्गात एकटं माणूस असताना एका मुलाला मुतारीपर्यंत कसं जाऊ द्यायचं, या प्रश्नाचं चालणारं उत्तर त्यांच्याकडेच मिळेल.

कळावे,

आपली विश्वासू,
एक शालेय समुपदेशक